आवाज नसलेल्यांची यादी

शीर सापडली नाही म्हणून माझ्या टेबलावरून अजून कोणी परत गेलेलं नाही. इंदिरानगरातल्या एका लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते, आणि हे काम मला येतं. गुबगुबीत हात, वाळलेले हात, सुई बघूनच घामेजलेले हात, सगळे माझ्यापुढे येऊन गेले. नव्या मुली पट्टा बांधून कोपराच्या खळग्यात थापट्या मारत बसतात. मी बोट फिरवते आणि मला कळतं. एका टोचण्यात काम होतं. यात फुशारकी आहे असं कोणी म्हटलं तर असू दे, कारण याच फुशारकीपोटी मी कशी तोंडावर आपटले तेच मला सांगायचं आहे.

आमच्या लॅबच्या रिपोर्टात जो आकडा हद्दीबाहेर जातो तो जाड ठशात छापला जातो. लोक तेवढाच वाचतात. जाड ठसा दिसला की सगळं घर कामाला लागतं. साखर बंद होते, मीठ कमी होतं, पुण्याचा मुलगा दिवसातून दोनदा फोन करतो. सगळंच बारीक ठशात आलं तर मात्र “चला, काही नाही” म्हणून रिपोर्ट टीव्हीमागे जातो आणि दुखणं सांगणारं माणूस खोटं पडतं. मी हे शेकडो घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी त्या घरांना मनातल्या मनात नावं ठेवली आहेत. माझ्याच घरात हे मी स्वतः केलं, तेव्हा मात्र ते माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या सासूबाईंच्या कानात आवाज येतो. मी त्यांना आई म्हणते. शहराच्या कडेला आमचा गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा होता, सहा वर्षांपूर्वी तो वाट्याने देऊन आई आणि सासरे, म्हणजे दादा, आमच्याकडे फ्लॅटमध्ये राहायला आले. मळ्यात कसलं ना कसलं काम आणि कसला ना कसला गलका असायचाच. इथे दुपारी बाराला मुलं शाळेत, आम्ही दोघं कामावर, आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं. आईंच्या कानातला आवाज त्या शांततेत वर आला. त्या सांगायच्या, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक वाफ सुटते ना, तसा. पण शिट्टी होतच नाही, नुसती वाफ सुटत राहते.

त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. दुपारी आडवं होताना त्या उशाशी रेडिओ लहान आवाजात लावून ठेवायच्या. दादा उठायचे आणि तो बंद करायचे. “आवाज येतो म्हणून आनखी आवाज? येतो तर येतो. त्याचा एवढा काय बाऊ?” असं म्हणायचे. आई पुन्हा लावायच्या, दादा पुन्हा बंद करायचे.

मग मी मध्ये पडले. माझ्या हातात सुई असताना मी गप्प कशी बसणार? आईंचं रक्त काढलं आणि साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह असं जेवढं सुचलं तेवढं सगळं तपासलं. सगळं बारीक ठशात आलं. मी घरी येऊन मोठ्या आनंदाने जाहीर केलं, “आई, सगळं नॉर्मल आहे. काही झालेलं नाही तुम्हाला.” दादा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “ऐकलं का? रक्तात सुदिक नाय.”

त्या दिवसापासून ते वाक्य दादांच्या हाताशी राहिलं. आईंनी तोंड उघडलं की “रक्तात नाय” असं उत्तर यायचं. आई हळूहळू बोलेनाशा झाल्या. रेडिओही लावेनाशा झाल्या. त्यांना बरं वाटायला लागलंय असा मी सोयीचा अर्थ काढला. आज ते लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

गेल्या वर्षी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांचे पेशंट आमच्या लॅबमध्ये येत, त्यामुळे माझा हात त्यांना माहीत होता. त्यांना कानात आवाज येणाऱ्यांचं रक्त गोळा करायचं होतं, आणि त्याच वयाच्या, आवाज न येणाऱ्यांचंही. रक्तात सूज दाखवणारे काही घटक असतात, काही मज्जातंतूंशी संबंधित असतात. ते दोन्ही गटांत मोजायचे आणि फरक दिसतो का ते बघायचं.

“काही निघेल?” मी विचारलं.

“माहीत नाही. माहीत असतं तर मोजलं असतं कशाला?” त्या म्हणाल्या. “आणि एकेकाला रिपोर्ट मिळणार नाही, हे आधीच सगळ्यांना सांगा. एका माणसाच्या रक्तावरून आज तरी काही सांगता येत नाही.”

घरी आई मेथी निवडत होत्या. मी सगळं नीट समजावून सांगितलं, रिपोर्ट मिळणार नाही हेसुद्धा दोनदा सांगितलं. त्यातलं त्यांनी नेमकं हवं ते ऐकलं.

“म्हंजे रक्तात दिसंल?”

“दिसलं तर, आई. कोणालाच माहीत नाही अजून.”

“माझं घे. लागंल तेवढं घे.” आणि त्यांनी मान वळवून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे दादा खुर्चीत बसले होते. आवाज बंद होईल अशी आशा आईंनी केव्हाच सोडून दिली होती. दादांनी एकदा “हो, तुला त्रास होतो” म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते रक्ताने म्हणवून घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. मला ते लख्ख कळलं. मीच तर रक्ताला त्यांच्या विरुद्ध उभं केलं होतं.

आवाज येणारी माणसं डॉक्टरांकडे भरपूर होती. अडचण होती ती आवाज नसलेल्यांची. चांगला धडधाकट माणूस रविवारी सकाळी उपाशीपोटी दंडाला पट्टा बांधून घ्यायला येतो कशाला? डॉक्टरांनी दोन महिने वाट पाहिली आणि मोजून चार माणसं आली. तेव्हा मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, जोडीने बोलवा. सत्यनारायणाला बसतात तसं. बायकोच्या कानात आवाज असेल तर नवरा आवाज नसलेल्यांत, नवऱ्याच्या कानात असेल तर बायको. वय जवळपासचं, पाणी एक, जेवण एक. डॉक्टर खूश झाल्या. मी त्याहून खूश झाले.

पुढच्या रविवारी दवाखान्याची बाकं भरून गेली. एकेक जोडी समोर बसवून मी आधी फॉर्म भरायचे, मग रक्त घ्यायचे. आपल्याकडे पुरुष माणूस डॉक्टरकडे गेला की त्याच्या दुखण्याबद्दल बायको बोलते, आणि तो छताचा पंखा बघतो. “बीपीची गोळी?” “सकाळी एक, ह्यांच्या चहाबरोबरच ठेवते मी.” “झोप लागते?” “लागते की, पार गल्लीपर्यंत ऐकू जातं.” सटाण्याहून आलेल्या एका बाईंनी तर नवऱ्याच्या मांडीत कुठल्या साली सळई घातली तेही सांगितलं, आणि नवरा मांडी कोणा दुसऱ्याची असल्यासारखा ऐकत होता. माझं काम झरझर होत होतं. बायकांचं पाठ असतं सगळं. मला ते सोयीचंच वाटलं.

आमच्या घरची जोडी आली. मी सगळ्यांना विचारत होते तेच विचारलं, “कानात किंवा डोक्यात आवाज येतो का? शिट्टी, गुणगुण, घूं-घूं?”

आई म्हणाल्या, “ह्यांना? ह्यांना काय आयकूच येत नाय. हाका मारून मारून माझा घसा बसतो.”

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली.

सासऱ्यांना त्यांच्या शरीराविषयी थेट विचारायची आमच्या घरी रीत नाही. त्यांचं पोट बिघडलंय हे मला आईंकडून कळतं, आणि मी आणलेली गोळी त्यांना आईंच्या हातून मिळते. त्यामुळे त्या दिवशी मला काही वावगं वाटलं नाही. मी दादांच्या दंडाला पट्टा बांधला. फावडं मारून त्यांची शीर दोरखंडासारखी वर आली आहे, ती कोणालाही सापडेल. मग आईंचा हात घेतला. एरवी रक्त काढताना त्या तोंड फिरवतात. त्या दिवशी नळी भरताना टक लावून बघत राहिल्या, आणि भरलेल्या नळीला हळूच म्हणाल्या, “आता सांग, बाई.”

नळ्यांवर फक्त नंबर होते. कुठला नंबर कुठल्या गटातला हे माझ्या वहीत होतं. डाव्या पानावर ‘आवाज आहे’, उजव्या पानावर ‘आवाज नाही’. आईंचा नंबर डाव्या पानावर आणि दादांचा उजव्या पानावर लिहिला. रक्त गोठल्यावर मशीनमध्ये फिरवलं, वर आलेलं पिवळट पाणी लहान कुप्यांत काढलं आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. एकही चिकटपट्टी तिरकी नव्हती.

आठ दिवसांनी सगळ्यांची कानाची तपासणी होती. काचेची एक खिडकी असलेली, आतून गादीसारखी मढवलेली लहानशी खोली असते. तिचं दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. कानावर हेडफोन लावायचे, हातात बटण घ्यायचं, आणि बारीक ‘टीं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. आईंची तपासणी आधी झाली. मग दादा आत गेले. तपासणारी मुलगी बाहेर मशीनसमोर बसली होती, मी तिच्या शेजारी वही घेऊन उभी होते, आणि आई मागच्या बाकावर.

मुलीने दार लावलं आणि समोरचा दिवा लागला. बटण दाबलं की तो लागतो. ती म्हणाली, “अजून मी काही वाजवलंच नाही.” दिवा विझेना. बटण अडकलं असेल म्हणून तिने आत जाऊन दुसरं बटण दिलं, पुन्हा दार लावलं. पुन्हा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. काचेतून दादा दिसत होते, ताठ बसलेले, अंगठा दाबून धरलेला.

तिने दार उघडलं. “काका, आवाज आल्यावरच दाबायचं.”

“मग दाबतोय ना. वाजतंय की!”

“काय वाजतंय?”

“हेच. नेहमीचं.” त्या पोरीला काही कळत नाही असं दादांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. “गप झालं की वाजतं ते. सगळ्यांनाच येतं.”

“नाही हो काका. सगळ्यांना नाही येत.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. घरातलं माणूस खरं सांगेल अशा अपेक्षेने पाहिलं. आणि मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी त्यांच्या कानाबद्दल थेट बोलले. “मला नाही येत, दादा.”

“नाय येत? मळ्यात इंजिन बंद केल्यावर पन नाय?”

“नाही.”

“मग काय आयकू येतं तुला?”

“काहीच नाही.”

“काहीच नाय?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्यांना माझी कीव आली असं मला वाटलं.

मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. मळ्यात वीज नव्हती तेव्हा विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. तरुणपणी दादा दिवस दिवस त्याच्या शेजारी उभे असायचे. इंजिन बंद केलं की रान वाजायला लागायचं, असं ते म्हणाले. तो आवाज रानाचाच आहे असं त्यांना वाटलं. फ्लॅटमध्ये आल्यावर तिथेही वाजतंय म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, शांतता वाजतेच. त्यामुळे आई आवाजाची तक्रार करायच्या तेव्हा त्यांना वाटायचं, जे सगळ्या जगाला आहे त्याचं ही एकटी रडगाणं गाते. सगळ्यांना ऊन लागत असताना एकच माणूस रोज “ऊन आहे, ऊन आहे” म्हणत राहिला तर जशी चीड येईल, तशी त्यांना आईंची चीड येत होती.

आई बाकावरून उठून दाराशी आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कधीपासून येतो?”

“पहिल्यापासून,” दादा म्हणाले.

“आन् मी बाऊ करते म्हनलात?”

“मला वाटलं, सगळेच सोसतात. तू तेवढी बोलून दाखवतीस.”

आई हसतील असं मला वाटलं होतं. मला स्वतःला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण आई रडल्या, आणि ते रडणं रागाचं होतं. पदराने डोळे पुसत त्या तडक बाहेर गेल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मी वहीकडे पाहिलं. उजव्या पानावर दादांचा नंबर, माझ्या वळणदार अक्षरात. माझ्या अंगावर काटा आला, तो एकट्या दादांमुळे नव्हे. त्या पानावरच्या एकाही नवऱ्याला मी स्वतः विचारलं नव्हतं. जी माणसं आवाज नसलेली म्हणून मोजायची, त्यांच्यात आणखी कितीजण असे ‘शांतता वाजतेच’ असं धरून बसले असतील कोण जाणे. मग आईंच्या रक्ताची तुलना कोणाच्या रक्ताशी होणार होती? फरक असला तरी तो पुसला गेला असता, माझ्या हाताने, दुसऱ्यांदा.

चूक झाकायची माझी जात नाही. मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, “उजवं पान धरू नका. नवऱ्यांचे फॉर्म मी बायकांकडून भरून घेतले.”

त्यांनी वही ओढून घेऊन उजवं पान पाहिलं. कुप्या अजून फ्रीझरमध्येच होत्या, मोजणी सुरू झाली नव्हती. “मग आता त्यांना विचारा,” त्या म्हणाल्या.

मी जेवणाच्या सुट्टीत एकेका घरी फोन लावला. फोन बायकोच उचलायची. “मला सांगा ना, काय हवंय? ह्यांना काय कळतंय.” “नाही ताई, काकांनाच द्या.” पलीकडे कुजबुज व्हायची, मग खाकरणं, मग एक अवघडलेला “हॅलो” यायचा. आणखी दोघे निघाले. त्यातले एक म्हणाले, “येतो हो, पण ते काय सांगण्यासारखं आहे का?” दादांसकट तिघांचे नंबर मी खोडले आणि डाव्या पानावर लिहिले. वहीत खाडाखोड मला सहन होत नाही. तरी ती खाडाखोड मी जपून ठेवली आहे.

घरात आई तीन दिवस दादांशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पण ठेवायच्या जरा जोरात. चौथ्या दिवशी दुपारी मी दादांचा नवा फॉर्म घेऊन बसले. दादा खुर्चीत, आई खिडकीशी पाठ करून शेंगा सोलत.

“आवाज कसा आहे?” मी विचारलं.

“ह्यांचा तसा...” आईंनी सवयीने सुरुवात केली आणि थांबल्या. मग मागे न बघता म्हणाल्या, “तुमीच सांगा. मला काय म्हाईत.”

दादांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही. मग ते बोलायला लागले, आधी अडखळत. रातकिड्यांसारखा आहे. डाव्या कानात जास्त. थकलं की वाढतो. सकाळी उठल्या उठल्या नसतो, चहा होईपर्यंत सुरू होतो. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी भराभर लिहीत होते.

“माझा तसा नाय,” आई म्हणाल्या. त्या केव्हा वळून बसल्या ते मला कळलं नाही. “माझा बारीक हाय.”

“बारीक म्हंजे कसा?” दादांनी विचारलं.

सहा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. आईंनी कुकरचं सांगितलं, न होणाऱ्या शिट्टीचं सांगितलं. दुपारी तो कसा डोक्यात चढतो ते सांगितलं. दादा मान तिरकी करून ऐकत राहिले. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. मग मला म्हणाले, “लिवलं का?”

“दादा, हा फॉर्म तुमचा आहे. आईंचा वेगळा आहे.”

“असू दे. यातच लिव. ही म्हनती ते खरं हाय.”

त्या फॉर्मवर अशा वाक्याला जागा नव्हती. मी ते समासात लिहिलं आणि खाली दादांची सही घेतली. शेंगा सोलणारे आईंचे हात थांबले होते.

रक्तातून काय निघालं ते डॉक्टर अजून मोजत आहेत. आईंनी त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही.